गोड्या पाण्याची बादली

मालवणात एप्रिल लागला की आमच्या घरात पाण्यावरून रोज एकदा तरी वाजतं. विहिरीचं पाणी खाली जातं, चवीला मचूळ लागायला लागतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत मला रोज संध्याकाळी एक बादली गोडं पाणी हवं असतं. प्यायला नाही, आंघोळीलाही नाही. कॅमेऱ्याला.

"तेका दिसाक एक बालदी, आणि माझ्या अबोलीक तांब्याभर नाय," आई म्हणते. तिचं चुकत नाही. समोर समुद्रात सिंधुदुर्ग किल्ला उभा आहे. १६६४ साली महाराजांनी त्याचा पाया घातला. चहूबाजूंनी खारं पाणी असलेल्या त्या बेटावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. गाईड हे सांगतो तेव्हा पर्यटक हमखास आत डोकावून बघतात. आमच्या परसातली विहीर त्या नशिबाची नाही.

तरी बादली भरली जाते. कॅमेरा त्यात बुडतो आणि मी शेजारी पायरीवर बसून राहते. निदान अर्धा तास. या अर्ध्या तासाबद्दल, आणि एकदा मी तो नीट पाळला नाही त्याबद्दल लिहायचं आहे.

---

मी किल्ल्याच्या आसपास स्कूबा डायव्हिंगला येणाऱ्या लोकांचे व्हिडिओ काढते. तुम्ही मालवणला येऊन डायव्ह केली असेल, तर माझ्यासारखं कुणीतरी तुमच्यासमोर उलटं पोहत होतं, एका हाताने 'इकडे बघा' अशी खूण करत. पाच-सात मीटर खोली, पंधरा-वीस मिनिटं. पोहता यायला हवं असं काही नसतं, इन्स्ट्रक्टर तुम्हाला शेवटपर्यंत धरून असतो. वर आल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "व्हिडिओ चांगला आलाय ना?" मासे, प्रवाळ, कानात काय झालं, हे सगळं त्यानंतर.

म्हणून त्या दिवसाचं सगळं ओझं कॅमेऱ्यावर असतं. आणि कॅमेऱ्याचं ओझं त्याच्या खोक्यावर. आम्ही त्याला हाऊसिंग म्हणतो. जाड पारदर्शक प्लॅस्टिकचं, बाहेरून बटणं दाबता येणारं खोकं. आत साधा कॅमेरा. तो पाण्यात जाण्यासाठी बनलेलाच नसतो. खोक्याने दगा दिला की संपलं.

खाऱ्या पाण्याची गंमत अशी की ते ओलं असेपर्यंत फारसं बिघडवत नाही. सुकलं की बिघडवतं. पाणी उडून जातं आणि मिठाचे बारीक खडे मागे राहतात. बटणाच्या दांड्याभोवती, बिजागरीत, कडीच्या खाचेत. मग बटण दाबलं की तेच खडे आतल्या छोट्या रबरी रिंगांवर घासतात. म्हणून पाण्यातून वर आल्यावर कॅमेरा उन्हात ठेवायचा नाही. बोटीवर झाकणाच्या छोट्या बादलीत ठेवायचा, नाहीतर निदान ओल्या टॉवेलात गुंडाळायचा. घरी आल्यावर गोड्या पाण्यात बुडवायचा आणि पाण्याच्या आत असतानाच प्रत्येक बटण दहा-पंधरा वेळा दाबायचं, म्हणजे खाचेत अडकलेलं खारं पाणी बाहेर येतं. नुसतं नळाखाली धरून भागत नाही. मीठ विरघळायला वेळ लागतो.

बोटीवर सगळ्यांसाठी एक मोठा टब असतो. त्यात कॅमेरा सोडून देणं मी पहिल्याच सीझनला बंद केलं. त्याच टबात मास्क धुतले जातात, मास्कच्या काचेला लावलेला शाम्पू त्यात उतरतो, कुणीतरी वेटबेल्ट टाकतं. दुपारपर्यंत ते पाणी जिभेवर ठेवून बघा, अर्धा समुद्र झालेला असतो.

---

खोक्याचं दार आणि खोकं यांच्यामध्ये एक रबरी रिंग बसते. ओ-रिंग. लहान मुलीच्या बांगडीएवढी, तितकीच साधी दिसणारी. माझी तेव्हाची रिंग चारशे रुपयांची होती आणि तिच्या भरवशावर ३८ हजारांचा जुना, हप्त्यांवर घेतलेला कॅमेरा पाण्यात जात होता.

ती काम कशी करते हे समजलं की सगळी काळजी आपोआप समजते. दार बंद केलं की रिंग दोन भागांमध्ये चेपली जाते आणि फट बुजते. पाण्यात दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाएवढा दाब वाढतो. खोल जाल तसं पाणी स्वतःच दार आत ढकलतं आणि रिंग आणखी घट्ट बसते. म्हणजे धोका जास्त कुठे? वरच्या एक-दोन मीटरमध्ये, जिथे दाबाची मदत अजून पुरेशी नसते. लोकांना उलटं वाटतं. आमचं सगळं कामच उथळ पाण्यात. शिवाय दिवसभर वर-खाली.

या रिंगवर वाळूचा एक कण, टॉवेलचा एक धागा किंवा एक केस आडवा पडला तरी पाण्याला वाट मिळते. म्हणून रोज रात्री ती काढायची. सुई किंवा चाकूच्या टोकाने नाही. दोन बोटांनी एका ठिकाणी चेपून फुगवायची आणि जुन्या एटीएम कार्डाच्या कोपऱ्याने उचलायची. डोळे मिटून अंगठा आणि तर्जनीमधून पूर्ण एक फेरी फिरवायची, कारण डोळ्यांना न दिसणारा कण बोटाला कळतो. ती बसते ती खाच धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसायची. मग ग्रीस. तेही मूगभर. अनेकांना वाटतं ग्रीसमुळे पाणी थांबतं. तसं नाही. पाणी रबर थांबवतं. ग्रीस रिंगला पीळ न पडता नीट बसायला मदत करतं. जास्त लावलं तर त्याच्यावरच कचरा चिकटतो. आणि ग्रीस त्या हाऊसिंगसोबत आलेलंच हवं, कारण चुकीच्या ग्रीसने काही रिंगा फुगतात.

एवढ्याशा रबराची केवढी ती काळजी, असं मलाही वाटायचं. मग 'चॅलेंजर'बद्दल वाचलं. २८ जानेवारी १९८६ला ते अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत आकाशात फुटलं आणि आतले सातही जण गेले. कारण होतं रॉकेटच्या जोडातली ओ-रिंग. थंडीने तिचं रबर ताठरलं आणि तिने फट बुजवली नाही. चौकशीच्या वेळी रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञाने तसल्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्याच्या ग्लासात बुडवून सगळ्यांसमोर दाखवला होता. कुठे ते आणि कुठे मी. पण रबराचं काम दोन्हीकडे एकच.

---

हे सगळं मी व्हिडिओ बघून आणि माहितीपुस्तिका वाचून शिकले. मला वाटायचं, आमच्या घरात हे कुणाला माहीत असण्याचं कारणच नाही.

माझे बाबा चाळीस वर्षं मासेमारी करतायत. होडीवरून परत आले की जाळी, मासे, हिशोब, काहीही बाकी असो, ते आधी इंजिन उतरवायचे. परसात एक निळं पिंप होतं. ते गोड्या पाण्याने भरायचं, इंजिनचा खालचा भाग त्यात सोडायचा आणि दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं. त्या आवाजाने मला अभ्यास करता यायचा नाही. आई तेव्हाही पाण्यावरून बोलायचीच. बाबा एवढंच म्हणायचे, "दर्याचा पाणी सुकूक देऊ नको. ओला आसा तवसर धू."

मी पहिल्यांदा कॅमेरा बादलीत बुडवला तेव्हा बाबा मागे येऊन उभे राहिले. बघितलं, आणि आत निघून गेले. त्यांना त्यात नवल वाटण्यासारखं काहीच नव्हतं.

नवल मला दुसऱ्याच गोष्टीचं वाटायचं. चाळीस वर्षं ज्याच्यावर पोट भरलं, तो दर्या या माणसाने आतून कधी बघितलाच नव्हता. त्यांना पोहता येतं, बुडी मारता येते. पण मास्क लावून, श्वास घेत, डोळे उघडे ठेवून खाली बसणं वेगळं. मी तीन सीझन त्यांच्या मागे लागले होते. "माका काय बघूचा आसा? मासो माका वयरच दिसता," असं म्हणून ते विषय संपवायचे.

---

मग एका मे महिन्यात, सीझन संपायला चार दिवस उरले असताना, बाबा सकाळी सात वाजता जेट्टीवर येऊन उभे राहिले. "आज येतंय मी," म्हणाले.

आदल्या दिवशी आमच्या नऊ ट्रिपा झाल्या होत्या. शेवटच्या आठवड्यात गर्दी तशीच असते. रात्री घरी पोचले तेव्हा हात उचलत नव्हते. कॅमेरा बादलीत टाकला, एवढं केलं. सकाळी तसाच उचलला. रिंग काढली नाही, पुसली नाही, बॅटरीही बदलली नाही.

बॅटरी बोटीवर बदलावी लागली. हाऊसिंग घरी, कोरड्या हातांनी, पंखा बंद करून बंद करायचं हा माझाच नियम. बोटीवर ते उघडायचं नाही हाही माझाच. पण बाबा मास्क हातात घेऊन बसले होते आणि तो उलटसुलट करून बघत होते. मला भीती वाटत होती की दोन मिनिटं आणखी गेली तर ते "नको गो" म्हणतील. मी आधीच एकदा पाण्यात उतरून आले होते. केस ओले होते, मोकळे होते. दार उघडलं, बॅटरी बदलली, दार दाबलं, कडी लावली. एवढ्याला वीस सेकंदं लागली असतील.

पाण्यात घालून बघायचं असतं. खोलात नेण्याआधी हाऊसिंग हातभर पाण्याखाली मिनिटभर धरायचं आणि बुडबुडे येतायत का बघायचं. तेही केलं नाही.

बाबा शिडीवरून उतरले. आमचा इन्स्ट्रक्टर दादा त्यांच्या मागे होता. मी रेकॉर्डिंग सुरू केलं. पहिल्या काही मिनिटांत बाबांचे डोळे मास्कमध्ये केवढे तरी मोठे झाले होते. दोरी दोन्ही हातांनी धरलेली. तीन मीटरवर कान दुखायला लागला तेव्हा त्यांनी जोरजोरात मान हलवली आणि अंगठा वर केला. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'मस्त' नाही, 'मला वर न्या'. दादाने त्यांना मीटरभर वर घेतलं, नाक चिमटीत धरून फुंकायला लावलं. मी रेकॉर्डिंग थांबवलं. घाबरलेल्या बापाचं शूटिंग करत राहणं बरं वाटेना.

कान मोकळा झाला. बाबांनी दादाकडे बघून तर्जनी आणि अंगठा जोडला. ठीक. मी पुन्हा रेकॉर्डिंग सुरू केलं आणि त्यांनी दोरी सोडली.

पुढे जे झालं ते नीट सांगता येईल का मला माहीत नाही. खाली एक मोठं खडप आहे. वरून ते दिसत नाही. पण बाबांच्या पिढीच्या प्रत्येक मच्छीमाराला ते माहीत आहे, कारण तिथे जाळी फाटतात. कुठल्या दिशेने गेलं तर अडकेल, भरतीला किती सोडायचं, हे त्यांना तोंडपाठ. चाळीस वर्षं ते या खडपाला फक्त फाटलेल्या जाळ्यांवरून ओळखत होते. आता ते त्याच्यासमोर होते. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा त्याच्यावरून फिरत होता, कपारीत एक गोबरा तोंड उघडून बसला होता आणि एका टोकाला जुन्या जाळ्याचा निळा तुकडा हलत होता. बाबांनी त्या तुकड्याकडे बोट केलं. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा तुकड्याकडे. त्यांचे खांदे खाली आले होते, पाय आपोआप संथ हलत होते. ते अजिबात घाबरलेले नव्हते. ते ओळखीच्या माणसाच्या घरी पहिल्यांदा गेल्यासारखे दिसत होते.

आणि तेव्हाच मला हाऊसिंगच्या कोपऱ्यातून बारीक बुडबुड्यांची माळ वर जाताना दिसली.

---

अशा वेळी काय करायचं हे पाठ होतं. काच खाली करायची, म्हणजे शिरलेलं पाणी काचेकडे जमतं आणि कॅमेरा थोडा वेळ कोरडा राहतो. मग सावकाश वर जायचं. खोली पाच-सहा मीटरच होती. बाबांना दादाने धरलंच होतं. मी तिथून निघाले असते तर कॅमेरा कदाचित वाचला असता.

मी काच खाली केली. बाबांनी मान वळवून कॅमेरा शोधला. त्यांना मला आणखी काहीतरी दाखवायचं होतं. मी कॅमेरा पुन्हा डोळ्यांसमोर धरला. आत पाणी कडेने वर चढत होतं, पडदा एकदा निळा झाला आणि विझला. उरलेली सात-आठ मिनिटं मी मेलेला कॅमेरा धरून त्यांच्यासमोर उलटी पोहत राहिले, 'इकडे बघा' अशी खूण करत.

बोटीवर दार उघडलं. रिंगवर एक लांब काळा केस आडवा होता. माझाच.

बॅटरी काढली, कार्ड काढलं, कॅमेरा सरळ गोड्या पाण्यात बुडवला. हे ऐकून लोक दचकतात, पण खारं पाणी आत सुकू देण्यापेक्षा ते बरं. तांदळाच्या डब्यात ठेव, असं निदान पाच जणांनी सांगितलं. तांदूळ मीठ काढत नाही. कॅमेरा गेला तो गेलाच. पुढचे सहा हप्ते मी नसलेल्या कॅमेऱ्याचे भरले.

कार्ड मात्र वाचलं. धुऊन, दोन दिवस सुकवून लॅपटॉपला लावलं. पहिली क्लिप उघडली, ३ मिनिटं ४० सेकंदांची. दुसरी उघडली नाही. रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली की फाइल नीट बंद होत नाही. कोल्हापूरच्या एका दुकानात दाखवली, त्यांनी दोन दिवस ठेवून परत दिली. १८५६ साली विल्यम थॉम्पसन नावाच्या इंग्रज माणसाने वेमथच्या समुद्रात काठीला बांधून कॅमेरा सोडला होता. पाण्याखालचे पहिले फोटो म्हणतात त्यातला तो एक. त्याच्याही खोक्यात पाणी शिरलं होतं, तरी अंधूक का होईना, चित्र राहिलं. माझं राहिलं नाही.

---

म्हणजे आता पुरावा असा आहे: माझे बाबा समुद्राखाली गेले आणि घाबरले. दोरी दोन्ही हातांनी धरली, मान हलवली, अंगठा वर केला. ३ मिनिटं ४० सेकंदं. ती क्लिप भावाने कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली. गणपतीला सगळे जमले की कुणीतरी ती लावतंच. "चाळीस वर्षां दर्यात, आणि बघा!" असं म्हणून सगळे हसतात. प्रेमाने हसतात, बाबाही हसतात.

पहिल्या वर्षी मी मध्येच बोलले. म्हटलं, यानंतर काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. दोरी सोडली त्यांनी. खडप बघितलं. पण नसलेल्या व्हिडिओबद्दल सांगणाऱ्या माणसाकडे लोक जसं बघतात तसं सगळे माझ्याकडे बघायला लागले. 'हो का' म्हणाले.

रात्री मी बाबांना सॉरी म्हटलं. पुढच्या सीझनला पुन्हा जाऊ, या वेळी नीट काढते, असंही म्हटलं. ते जाळं विणत होते.

"हसांदेत तेंका," ते म्हणाले. "माका म्हायत आसा, तुका म्हायत आसा. परत कित्याक?"

त्यांना खरंच पुन्हा जायचं नव्हतं. मला वाईट वाटलं ते कॅमेऱ्यापेक्षा याचं, की त्यांना त्या क्लिपची गरज नव्हती आणि मला होती.

---

आता दुसरा कॅमेरा आहे, तोही जुनाच घेतलेला. केस घट्ट बांधून वर टोपी घातल्याशिवाय मी दार उघडत नाही. ओल्या हाऊसिंगचं दार उघडताना फट खाली करते, म्हणजे खाचेतलं पाणी आत न पडता बाहेर गळतं. बॅटरी आणि कार्ड रात्रीच घालून ठेवते. दमट हवा आत कोंडली तर पाण्यात गेल्यावर काचेवर आतून धुकं धरतं, म्हणून सिलिका जेलची छोटी पट्टी आत सरकवते. हे सगळं मला आधीही माहीत होतं. फक्त दमलेल्या रात्री ते करायचं असतं हे माहीत नव्हतं. ताज्या अंगाने कुणीही नीट करतं.

पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं, पण कॅमेऱ्याची काळजी बंद होत नाही. कोकणातल्या जुलैत कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, तर लेन्स कशी सुटेल? रिंग काढून पिशवीत ठेवते, नाहीतर चार महिने दाबून राहिली की चपटी होते. बॅटरी अर्धी चार्ज करून वेगळी. कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलचे नारंगी मणी. ओल धरली की ते हिरवे पडतात. पंधरा दिवसांनी डबा उघडून रंग बघायचा.

सीझनच्या दिवसांत, रोज पहिल्या डायव्हच्या आधी मी हाऊसिंग हातभर पाण्याखाली धरते आणि साठपर्यंत मोजते. बोटीवरचे पर्यटक कंटाळतात. कुणी विचारतं, "मॅडम, काही प्रॉब्लेम आहे का?" मी मोजत राहते. त्यांच्यातल्या एखाद्याचा बाप किंवा आई मास्क हातात घेऊन, तो उलटसुलट करत बसलेली असते. आता मी पहिली भीतीची मिनिटं काढते, पण थांबवून नवीन क्लिप सुरू करत नाही. सगळं एका धाग्यात राहू देते. दोरी धरलेली आणि दोरी सोडलेली.

संध्याकाळी घरी पोचते तेव्हा परसात बादली भरून ठेवलेली असते. गेली दोन वर्षं ती बाबा भरतात. आईशी वादही तेच घालतात. मी कॅमेरा बुडवते, बटणं दाबायला लागते. ते पलीकडच्या पायरीवर बसून विचारतात,

"वाटेत सुकलो नाय ना?"